इरलं घेतलेला चाफा

मालनचे आबा, म्हणजे वडील दगडू गुरव, वर्षातून एकदा, गावची जत्रा उरकली की लेकीला भेटायला माणदेशातून खाडीकाठच्या कोपरीला यायचे. येताना भाकरी फडक्यात बांधलेली असायची आणि पाणी फिरकीचं झाकण असलेल्या तांब्यात. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, अशी त्यांच्याकडची रीत. ही रीत कोणी काढली देव जाणे. ज्याने काढली त्याला लेक नसावी, नाहीतर तहान तरी लागत नसावी. मालनच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि तिची कूस काही उजवली नव्हती. दुपारी तांब्या रिकामा झाला की आबा गुपचूप उठायचे आणि शेजारच्या ओट्यावर जाऊन घरमालकीण ठमाबाईकडे पाणी मागायचे.

आता गंमत बघा. अंगणात विहीर एकच होती. ठमाबाई आणि मालन एकाच रहाटावर पाणी भरायच्या, एकीचा हंडा निघाला की दुसरीची घागर आत जायची. पण ठमाबाईच्या हंड्यातलं पाणी आबांना चालायचं आणि मालनच्या घागरीतलं चालायचं नाही. मालन चौकटीला टेकून आबांचा गळा वरखाली होताना बघत राहायची. मूल हवं असं तिलाही वाटायचं, कोणाला वाटत नाही? पण मनातलं खरं सांगायचं तर त्याही आधी तिला एवढंच हवं होतं, की आबांनी एकदा आपल्या हातचं पाणी प्यावं. आबा थकत चालले होते. दर वर्षी त्यांना निरोप देताना तिच्या मनात यायचं, पुढच्या वर्षी येतील ना?

देश स्वतंत्र झाला त्यानंतर दोनतीन वर्षांनी आबांनी येताना चाफ्याची फांदी आणली. खंडोबाच्या देवळापुढचा तो पांढरा चाफा, पाकळ्यांच्या पोटात पिवळी झाक असलेला. मालन त्याच्याखाली फुलं वेचत लहानाची मोठी झाली होती. तो खडकात उभा होता आणि उन्हाळ्यात सगळा माळ करपला तरी हा आपला उघड्या अंगाने फुललेला असायचा. फांदी हातात घेतल्यावर कापलेल्या टोकाचा चीक बोटांना लागला आणि मालनच्या डोळ्यांपुढे अख्खा माळ उभा राहिला.

तिने ती त्याच संध्याकाळी दाराशी लावली. मग रोज सकाळी न्हाणं झालं की एक तांब्या, दुपारी एक, दिवेलागणीला एक. माणदेशातल्या पोरीला पाण्याचं काय असतं ते आपल्याला नाही कळायचं. तिच्या गावी घोटाघोटाचा हिशोब व्हायचा, कोणाचा लाड करायचा म्हणजे त्याला पोटभर पाणी द्यायचं. इथे विहीर काठोकाठ भरलेली. मालन पाणी ओतायची आणि मुरणाऱ्या पाण्याकडे बघत तिथेच बसून राहायची. समोर खाडीपर्यंत मिठागरं पसरलेली होती. उन्हं उतरली की मिठाचे ढीग गुलाबी व्हायचे, खारा वारा सुटायचा, आणि मालनला अर्धवट डुलकीत वाटायचं की त्या ढिगांपलीकडे आपलं देऊळ आहे, आबा पायरीवर बसलेत, आणि आपण भरला तांब्या घेऊन चाललोय. ती चालत राहायची, पण पायरी काही जवळ यायची नाही.

फांदी कुजली. बुडाशी काळी पडली आणि हात लावताच मऊ लागली. पुढच्या वर्षी आबांनी दुसरी आणली. मालनने तिला पहिलीपेक्षा जास्त जपलं, म्हणजे पाणी वाढवलं. ती पावसाळ्याच्या आधीच गेली. त्या दिवशी मालन परसात बसून रडली. तिचा नवरा गोपीनाथ गिरणीतून आला आणि तो भला माणूस डबा हातात तसाच धरून तिच्याशेजारी बसला.

तिसरी फांदी आली तेव्हा ठमाबाईने ती मालनच्या हातातून चक्क काढून घेतली. ठमाबाई जन्माची कोपरीची. सासरा मिठागरावर राबला, भाताची शेतं होती, आता शेतावर चाळी उठल्या होत्या आणि ती भाडं घेत होती. पण हात मातीतलेच होते.

"पोरी, तू याला पानी नाय पाजत, तू याला बुरवतंस," ती म्हणाली. "याला जरा तानेला राहू दे गो."

तिचं म्हणणं असं की मालनच्या मुलुखात हवा कोरडी, तिथे फांदीची जखम आपोआप सुकते आणि वर तांब्याभर पाणी पडलं तरी खडक ते पिऊन टाकतो. इथे खाडीचा ओलावा रात्रंदिवस अंगाला चिकटलेला. मग तिने फांदी पडवीच्या आढ्याला टांगली. मालन येता-जाता वर बघायची, चीक वाळून खपली धरेपर्यंत तिला चैन पडलं नाही. नंतर विटांचा चुरा आणि वाळू घालून उंचवटा केला आणि त्यात फांदी रोवली. पावसाळा तोंडावर आला तेव्हा ठमाबाईने माळ्यावरून एक जुनं इरलं काढलं. भातलावणीला बायका पाठीवर घेतात ते, बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं. ते तिने फांदीवर उभं केलं.

असा तो चाफा सबंध पावसाळा इरलं घेऊन उभा राहिला. गोपीनाथ कामाला जाताना त्याला राम राम करायचा, आज लावणी कुठवर आली म्हणून विचारायचा. मालन दारात बसून बघायची. पावसाच्या धुरकट पडद्यात तिला ते इरल्याखालचं कोणीतरी माणूसच वाटायचं, वाट चुकून आलेलं, आत ये म्हटलं तरी न येणारं. हातातला तांब्या तिने पहिल्यांदा मोठ्या मुश्किलीने खाली ठेवला. प्रेम करायचं आणि हात आवरायचा, हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं. ते ती त्या पावसाळ्यात शिकली आणि तिला फार जड गेलं.

फांदीला पानं फुटली. हिवाळ्यात ती गळाली तेव्हा मालनचा हात तांब्याकडे गेला, पण तिने पाणी घातलं नाही. आणखी एक पावसाळा इरल्याखाली गेला, आणि त्यापुढच्या चैत्रात उघड्या शेंड्यावर कळ्यांचा तुरा आला.

आबा आले तेव्हा तीन फुलं उमलली होती. आता ते काठी घेऊन चालत होते. झाडापाशी थांबले आणि फुलाला बोट लावलं. उन्हं कलली होती, मिठागरं चमकत होती, आणि मालनला क्षणभर कळेना की आपण जागे आहोत की त्या जुन्या डुलकीत.

"मालन," आबा म्हणाले, "तांब्याभर पानी आन गं."

धावत जाऊन तिने घागरीतून तांब्या भरला, काठापर्यंत भरला, आणि आबांना दिला. आबा वाकले आणि तांब्या झाडाच्या बुंध्याकडे कलता केला.

मालनने त्यांचं मनगट धरलं.

"आबा, नगं. त्येला न्हाई सोसत. तुमास्नी देता येत नव्हतं ते समदं मी त्येला पाजलं, म्हनून दोन फांद्या कुजल्या."

आबा तसेच वाकलेले राहिले. मग हळूहळू सरळ झाले. हातात भरलेला तांब्या होता. आजवर त्यांना लेकीला नाही म्हणावं लागलं नव्हतं, कारण तिने पाणी कधी पुढे केलंच नव्हतं आणि ते आधीच ठमाबाईच्या ओट्यावर जाऊन बसायचे. आता पाणी परत द्यायचं तर तिच्या तोंडाकडे बघून द्यावं लागणार होतं. आणि बाजूला ओतून टाकायचं, तर दगडू गुरवांनी उभ्या जन्मात चूळभर पाणी भुईवर फेकलं नव्हतं. ते त्यांच्या हातून होणारच नव्हतं.

त्यांनी एकदा चाफ्याकडे पाहिलं, मान वर केली आणि तांब्या तोंडावर धरला. मालनने त्यांचा गळा वरखाली होताना पाहिला, या वेळी हातभर अंतरावरून. शेवटचा थेंब संपेपर्यंत ते थांबले नाहीत. मग मिशा पुसल्या.

"गोड हाय," ते म्हणाले. "ठमाबाईंच्यापरास गोड हाय."

ठमाबाई शेजारच्या ओट्यावर बसून सगळं ऐकत होती. विहीर एकच आहे, हे काही तिने सांगितलं नाही.