मावशीच्या काढ्यातली पानं

मावशीचे डोळे पिवळे दिसतायत, हे आधी शेजारणीच्या लक्षात आलं. आठवड्याभरात पोट फुगलं आणि तिला दवाखान्यात भरती करावं लागलं. ती गुंगीतच होती. डॉक्टरांनी भाचीला बाहेर बोलावलं.

"यकृत बिघडलंय. दारू नाही, गोळ्या नाहीत. मग ह्या घेत काय होत्या?"

भाचीने फोन काढून जुना निरोप उघडला. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. आई गेल्यावर मावशीनेच, दिवसभर शिलाई मशीन चालवून, तिला शिकवलं होतं. चार महिन्यांपूर्वी मावशीने फोनवर एका पिवळ्या रानडेझीचा फोटो पाठवला होता. 'खोकल्याच्या काढ्याची ती हीच का गं?' भाची पेपर तपासत होती. फोटोत नुसतं फूल होतं. तिने घाईघाईत लिहून टाकलं, 'हो, हीच.'

"काढा घेत होती," ती डॉक्टरांना म्हणाली. "झाड बघून येते."

मावशीच्या घरामागच्या उतारावर ती डेझी माजली होती. भाची गुडघे टेकून बसली. काढ्याच्या झाडाचं पान अखंड, लांबट, खालून लवदार असतं. टोकाला एकच मोठं फूल. इथे पानं मधल्या शिरेपर्यंत कातरलेली होती आणि फुलं लहान, झुबक्यांनी आलेली. तिने एक रोप उपटलं. बुडाशी गेल्या वर्षीच्या दांड्यांचे वाळके खुंट होते; म्हणजे दरवर्षी त्याच मुळातून फुटणारं. यकृताची वाट लावणारी विषारी जात ती हीच.

रोप डॉक्टरांसमोर ठेवून ती म्हणाली, "हीच म्हणून मीच सांगितलं होतं तिला."

डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला. "झाडाचं नाव लिहून द्या. आता उपचारांना दिशा तरी मिळेल."

तीन आठवड्यांनी मावशी घरी आली, पार अर्धी होऊन. यकृत पहिल्यासारखं होणार नव्हतं. एका दुपारी भाचीने तिला सगळं सांगून टाकलं.

मावशीने पांघरूण छातीपर्यंत ओढलं. मग म्हणाली, "खोकला मात्र गेला हो."

"मावशी, चेष्टा नको. रागव माझ्यावर."

"रागावलेच आहे. ते काय तुला विचारून रागावू?" तिला धाप लागली. "उशी जरा वर कर."

भाचीने उशी सारखी केली. मावशीने भिंतीकडे तोंड फिरवलं. पुढे कित्येक दिवस ती भाचीच्या हातचं जेवत, औषधं घेत राहिली, पण मान वर करून तिच्याकडे बघत नव्हती.