चांदीच्या बदामातले गुलाब

तिसराही हिरा सरळच निघाला. गोमारने तो भिंगाखालून काढला आणि जेवताना दाताखाली आलेल्या खड्यासारखा टेबलावर टाकला.

"झाला का?" फिलोमिनने दारातून विचारलं. नवऱ्यासाठी कॉफी घेऊन ती कारखान्याच्या खोलीत आली होती, पण तिचं लक्ष टेबलाकडे होतं.

"झाला. आणि नाही झाला."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझ्या आईच्या हिऱ्यांत हा बसत नाही. बघ की! सगळे कुबडे न् लंगडे, आणि मधेच हा एक शिपाई सावधान उभा."

गोष्ट म्हटली तर एवढीशी होती. फिलोमिनच्या आईचा चांदीचा बदाम, म्हणजे हृदयाच्या आकाराचा ब्रोच, त्यावर चांदीचाच मुकुट, आणि अंगभर जुने गुलाबपैलूचे हिरे. त्या घरातली प्रत्येक नवरी तो डाव्या छातीवर लावून चर्चमध्ये गेलेली. यंदाच्या जत्रेत त्यातला मधला हिरा कुठेतरी पडला, आणि शनिवारी त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं, गोदलीवचं, लग्न. नेयलन गावात घरटी हिरे घासायचं चाक, आणि गोमार त्या गावातला पहिल्या नंबरचा घासणारा. त्याच्या बायकोने एका हिऱ्यासाठी दुसऱ्याच्या दारात जायचं म्हणजे त्याचं नाकच कापलं जाणार होतं.

पण हे जुने गुलाब म्हणजे डोक्याला ताप. बूड सपाट, वर घुमट, आणि घुमटावरून तिकोनी पैलू चढत चढत टोकाला एकत्र येतात. म्हणजे यायला हवेत. ज्या कुणा म्हाताऱ्याने ते मेणबत्तीच्या उजेडात पाडले, त्याने कच्चा खडा जसा वळला तसाच आपला हातही वळवला होता. हिऱ्याचा कण वाया घालवायचा नव्हता त्याला. एकाचं टोक कललेलं, एकाचा खांदा चढलेला. आजच्या ब्रिलियंट पैलूच्या हिऱ्याला खाली खोल बूड असतं, तो उजेड आत घेतो आणि समोरच्याच्या तोंडावर फेकतो. गुलाबावर उजेड नुसता बसून राहतो, दुपारी खिडकीत मांजर बसतं तसा.

आणि गोमारने जन्मभर घासले होते ब्रिलियंट. पैलू केसभर कललेला दिसला तरी तो हिरा पुन्हा चाकावर धरायचा. आता मुद्दाम हात वाकडा करावा, तर चाकावर टेकताना तो आपोआप सरळ व्हायचा. त्याने डोळे मिटून बघितलं. जेनेव्हर दारूचा पेला रिचवून बघितलं. तेव्हा कुठे एक पैलू कलला, पण तो असा दिसत होता की इस्त्रीच्या सुटाला कुणीतरी रागाने कात्री लावली असावी.

"सरळ बोटाने तूप निघत नाही म्हणतात ना, ते हे," फिलोमिन म्हणाली. "राहू दे. रिकाम्या जागेसकट लावेल पोरगी. एखादा दात पडला म्हणून माणूस ओळखू येत नाही का?"

"गोमारच्या लेकीच्या छातीवर भोक? गाव काय म्हणेल?"

"गावाचं राहू दे. तुला काय वाटेल ते सांग."

त्याला काय वाटेल हे त्याला चांगलंच ठाऊक होतं. त्याने चाक एवढ्या जोरात सुरू केलं की फिलोमिन कॉफी ठेवून निघून गेली.

गुरुवारी सकाळी त्याला सुचलं, आणि इतके दिवस का सुचलं नाही म्हणून तो स्वतःवरच चिडला. चूक त्याच्या हिऱ्यात नव्हतीच मुळी. चूक बाकीच्यांत होती.

तो तडक पलीकडच्या गल्लीत सोईकडे, आपल्या चांदीकाम करणाऱ्या मित्राकडे गेला.

"सगळे काढू?" सोईने बदाम हातात घेऊन विचारलं. "फिलोमिनला विचारलंस?"

"तिला काय कळतंय हिऱ्यातलं?"

"हिऱ्यातलं नसेल कळत. स्वतःची आई कळत असेल."

"काढ म्हणतो ना!"

सोईने काढले. गोमारने दोन दिवस चाकावरून मान वर केली नाही. कललेली टोकं मधोमध आणली. चढलेले खांदे उतरवले. चाकावरचं ऑलिव्हचं तेल जुन्या हिऱ्यांच्या भुकटीने काळं होत गेलं आणि आठवडाभराची त्याची चिडचिड त्याच तेलात विरली. खोटं कशाला सांगा, माणूस सुखात होता. शुक्रवारी संध्याकाळी सगळे गुलाब नगास नग जुळले.

ते बसवताना सोईच्या कपाळावरची आठी काही मोडली नाही. "हिरे बारीक झाले, खोबण्या होत्या तेवढ्याच राहिल्या. खाली वर्ख घातलाय, पण हलणार बघ."

"हलू देत. दिसतात कसे ते सांग!"

"दुकानातल्यासारखे," सोई म्हणाला. गोमारला ती शाबासकी वाटली.

शनिवारी सकाळी गोदलीव आरशासमोर उभी होती. गोमारने डबी उघडून तिच्यापुढे धरली.

"अय्या, किती छान!" गोदलीव म्हणाली. "नवा घेतलात, बाबा? आणि आजीचा कुठंय?"

हाच तो, असं म्हणायला गोमारने तोंड उघडलं. पण त्याआधीच फिलोमिनने पुढे होऊन बदाम उचलला आणि खिडकीशी नेला. आधी तिने डोळे बारीक करून बघितलं. मग त्यावरून अंगठा फिरवला. एका जागी अंगठा थांबला, मागे गेला, पुन्हा तिथेच आला.

"इथला एक बोचायचा," ती म्हणाली. "आई कडेवर घ्यायची ना, तेव्हा माझ्या गालाला लागायचा. मी रडायचे, आणि ती तिथेच मुका घ्यायची." तिने वर बघितलं. "तोही सरळ केलास?"

"फिलोमिन, कुणालाही दाखव तू, अख्ख्या गावात असं काम..."

"काम चांगलंच आहे," तिने बदाम त्याच्या हातात दिला. "ठेव तुझ्या खिशात."

गोदलीव छातीवर काही न लावता चर्चमध्ये गेली. गावाने पाहिलं की नाही, हे बघायचं गोमारला सुचलंही नाही. तो पहिल्या बाकावर बायकोच्या शेजारी होता. प्रार्थनेला सगळे गुडघ्यांवर आले, तोही आला, आणि त्याच्या जाकिटाच्या खिशात हिरे आपापल्या खोबणीत किणकिणले. त्याने वरून हात दाबून धरला. फिलोमिनने मान वळवली नाही. सगळे उठले, तोही उठला, आणि ते पुन्हा वाजले.