बुजवलेला खळगा

मोबाइल पुन्हा केकाटला. पडद्यावर लाल पट्टी आणि जपानी अक्षरं. सदानंद बिवलकरांना त्यातलं काही कळेना. त्यांनी लेकीला फोन लावला.

"बाबा, अतिवृष्टीचा अलर्ट आहे. मी ओसाकाहून निघालेय, पण ट्रेन स्लो चालल्यात. तुम्ही घरातच थांबा."

"सुमेधा, अगं, पाणी शेजारच्या ओकुदासानच्या दाराकडे चाललंय."

"कसं जाईल? आपल्या छताचं पाणी खळग्यात उतरतं ना?"

सदानंदरावांनी फोन ठेवला. खळगा आता नव्हताच.

क्योतोतल्या या गल्लीत बहुतेक घरांसमोर तसा एक उथळ खळगा होता. खाली खडी, वर गवत आणि झुडपं. छताचं पाणी त्यात मुरायचं, म्हणून उतारावरची घरं कोरडी राहायची. सदानंदराव लेकीकडे राहायला आले त्या पहिल्याच दिवशी सुमेधाने सांगितलं होतं, "यात पाणी साचून राहत नाही बाबा, दिवसभरात मुरतं. डास नाही होत." ते नुसते हसले होते. पुण्यात महापालिकेच्या मलेरिया विभागात तेहतीस वर्षं त्यांनी लोकांच्या टाक्या उपसल्या, कुंड्या आणि टायर उपडे केले, आणि घरोघरी असलंच काहीतरी ऐकलं. शेवटी त्यांची बायको, विद्या, गेली ती डेंग्यूनेच. शहरभर डबकी शोधणाऱ्या माणसाच्या घरात! तेव्हापासून साचलेलं पाणी दिसलं की त्यांचा जीव थाऱ्यावर राहत नसे. सुमेधा सोमवारी परिषदेला गेली. मंगळवारी त्यांनी घरामागे पडलेली मातीची सहा पोती खळग्यात रिकामी केली आणि पायांनी चांगली दाबली.

आज शुक्रवार. छताचा पाइप धो धो ओतत होता आणि सगळं पाणी त्या सपाट मातीवरून घसरून शेजारी जात होतं. ओकुदासान शहाऐंशी वर्षांच्या, एकट्या, काठी घेऊन चालणाऱ्या. त्यांचं दार रस्त्यापेक्षा वीतभर खाली.

सदानंदराव धावत गेले, दार बडवलं. "ओकुदासान! ओ ओकुदासान!" आतून काहीच आवाज नाही. पाणी उंबऱ्याला लागलं होतं. म्हातारी आत पडली असेल तर?

ते परतले आणि खुरप्याने माती उकरू लागले. खुरपं पुरेना, तेव्हा हातांनी. गुडघे चिखलात रुतले, नखांतून रक्त आलं. "विद्या, माझ्या हातून हे नको गं," ते पुटपुटत होते. किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी बोटांना खडी लागली. पाणी तिथे घुटमळलं, वळलं, आणि खाली जायला लागलं.

सुमेधा आली तेव्हा पाऊस ओसरला होता. ओकुदासान दारात उभ्या होत्या, हातात टॉवेल. सदानंदरावांपुढे त्या कमरेतून वाकल्या.

"बाबा, त्या म्हणतायत, तुमच्यामुळे घर वाचलं."

"त्यांना सांग, खळगा मीच बुजवला होता."

"जाऊ दे ना बाबा, आता कशाला..."

"सांग म्हटलं ना."

सुमेधाने सांगितलं. ओकुदासान हळू आवाजात काहीतरी बोलल्या. सुमेधा बाबांकडे वळली.

"त्यांना माहीत होतं. मंगळवारी खिडकीतून पाहिलं त्यांनी. तुम्हाला कसं सांगावं ते कळेना म्हणाल्या."

सदानंदरावांनी त्यांच्या मागे, दारातून आत पाहिलं. चटया गुंडाळून टेबलावर ठेवल्या होत्या. त्यांवर भांडी, औषधांचा डबा, नवऱ्याचा फोटो. सगळं दोरीने नीट बांधलेलं. जिन्याच्या वरच्या पायरीवर एक उशी होती आणि तिच्याशेजारी भरून ठेवलेली पिशवी. ही तयारी मंगळवारपासूनची होती.

त्यांनी टॉवेल घेतला, पण हात पुसले नाहीत.