खंडेनवमीला न उघडलेला दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी दरवाजा आहे. पण इतकी वर्षं उभा असूनही माझ्यातून फारसं कोणी आलं-गेलं नाही. चाकणला पत्रा दाबून सुटे भाग घडवणारं एक छोटं प्रेस शॉप आहे, त्याच्या मागच्या भिंतीत माझी जागा आहे. डोक्यावर 'आपत्कालीन मार्ग' अशी पाटी आहे.

भोसरीच्या ज्योतीराम मिस्त्रींनी मला घडवलं. माझ्या छातीवर त्यांनी एक आडवा दांडा बसवला. तो ढकलला की कडी सुटते आणि मी बाहेरच्या बाजूला उघडतो. काम पुरं झाल्यावर त्यांनी एका बोटाने मला उघडून पाहिलं. "लेकरानं ढकललं तरी उघडला पायजे," ते म्हणाले. ते शब्द मी जिवापाड जपले.

शेडमध्ये सगळी ये-जा पुढच्या शटरमधूनच व्हायची. मी आपला रिकामा. तरी माझे लाड फार होत. दरवर्षी खंडेनवमीच्या आधी सुपरवायझर रंगराव शेड रंगवून घेत आणि माझ्यावर ऑइलपेंटचा चांगला जाड हात मारायला लावत. "दरवाजा कसा नवरदेवावानी दिसतोय," असं ते म्हणाले, की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. माझ्यापुढची जागा मोकळी असल्यामुळे पूजाही तिथेच मांडली जायची. घण, पाने, पक्कड सगळ्यांना कुंकू लागायचं, झेंडूची फुलं वाहिली जायची. एकदा पुजलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, हा रंगरावांचा दंडक होता.

वर्षानुवर्षांचा तो रंग माझ्या फटीत, बिजागऱ्यांत उतरून घट्ट बसला होता. ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही. मिस्त्रींनंतर मला कधी कोणी ढकललंच नव्हतं.

गेल्या खंडेनवमीला कामगार घरच्यांना घेऊन आले होते. पॅकिंगला असलेली प्रभावती निगडीहून आपल्या लहानग्या श्रद्धाला घेऊन आली होती. रंगाऱ्याचा थिनरचा डबा आणि चिंध्या शटरपाशीच राहिल्या होत्या. शटरवर सोडलेल्या दिव्यांच्या माळेतून ठिणगी पडली आणि बघता बघता शटर ज्वाळांनी झाकून गेलं. माझा डोळ्यांवर विश्वास बसेना. आग विझवायचा लाल सिलिंडरही तिथेच, ज्वाळांच्या मागे.

"मागच्या दारानं चला," प्रेस चालवणारा समाधान ओरडला. आला, माझा दिवस आला, असं मला वाटलं.

श्रद्धा पूजेपाशीच पेढा खात बसली होती, म्हणून सगळ्यांत आधी तीच पोचली. तिने दोन्ही हातांनी दांडा ढकलला. कडी सुटली. मी उघडलो नाही.

मित्रांनो, मी हादरून गेलो. तिने पुन्हा ढकललं. मग समाधानने खांदा लावला, मागून आणखी माणसं रेटू लागली. मी जागचा हललो नाही. धूर खाली उतरत होता. श्रद्धा माझ्या पत्र्याला टेकून खोकत होती आणि बाहेरची मोकळी हवा माझ्या पाठीला लागत होती.

प्रभावतीने पूजेतला घण उचलला. रंगरावांनी तिचं मनगट धरलं.

"ताई, पुजलंय ते."

"मंग तुमच्या हातानं मारा," ती म्हणाली. "पण मारा. माझी पोरगी घुसमटतीय."

रंगरावांनी श्रद्धाकडे पाहिलं आणि घण घेतला. पहिल्या घावाला कुंकू उडालं, दुसऱ्याला रंगाचे पोपडे. मला मार लागत नव्हता, फक्त भीती वाटत होती, की मी आताही उघडणार नाही. कडेकडेने घाव बसत गेले आणि मी कर्रकन् उघडलो. सगळी माणसं बाहेर पडली. रंगराव मागच्या खडीवर बसले होते. त्यांच्या हातातून घण सुटेना. "रंग मीच मारायला लावला," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

आता मला कोणी रंगवत नाही. घणाचे पोचे तसेच आहेत. शिफ्ट सुरू होण्याआधी रंगराव स्वतः मला उघडून बघतात. थिनरचा डबा शेडबाहेर जातो. यंदाची पूजा बाजूच्या भिंतीला मांडली होती. नारळ फोडण्याआधी त्यांनी श्रद्धाला बोलावलं. ती आईचा पदर सोडेना. मग हळूच पुढे आली, दांडा ढकलला आणि मी उघडलो. ती हसली नाही. बाहेर जाऊन आत आली आणि तिने मला पुन्हा ढकलून पाहिलं.

मित्रांनो, तुमच्या इमारतीच्या जिन्यात, आईबाबांच्या कंपनीत माझ्यासारखा एखादा दरवाजा असेल. त्याच्यापुढे सायकली, खोकी, चपलांचं कपाट असेल. दिवाळीचे दिवे लागण्याआधी ते बाजूला करा आणि मोठ्यांना सोबत घेऊन त्याला एकदा ढकलून बघा. वेळ आली की उघडेलच, असं म्हणू नका. मलाही तसंच वाटत होतं.