भागिरथीचे खोटे वजन

मित्रांनो, मी एक जुना, टांगायचा तोलकाटा आहे आणि माझा स्वभाव संशयी आहे. त्याला कारणही आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा माझी तबकडी लखलखत होती. पुढे पाथर्डीच्या बाजारात दहा वर्षे मिरची आणि लोकर तोलली. पाणी मारलेली लोकर, मिरचीत वाळू, हुकावर हळूच टेकलेला अंगठा, सगळे पाहिले. तेव्हापासून कोणी जवळ आले की मी आधी त्याची बोटे पाहतो.

बहात्तरच्या दुष्काळात मला सरकारी कामाला लावले. पाझर तलावाच्या कामावर बाया खडी फोडत. तिथल्या बाभळीला मला टांगले. दर पंधरा दिवसांनी मजुरांची लहान पोरे झोळीत घालून माझ्या हुकाला अडकवत. सुखडीच्या वड्या सगळ्यांनाच मिळत. ज्याचे वजन कमी भरेल त्या पोराला रोज दुधाचा पेलाही मिळे. वजने लिहून घ्यायला बालवाडीच्या विमलबाई असत.

बायांना मी मुळीच आवडलो नाही. "पोर काय मिरची हाय तोलायला? नजर लागंल की!" बनुबाई पहिल्याच दिवशी म्हणाली. तिची भागिरथी दीड वर्षांची. साडेसहा किलो भरली आणि तिचे दूध सुरू झाले.

चैत्रात बनुबाई तिला जाड कुंची घालून घेऊन आली. एवढ्या उन्हात कुंची? मी तिथेच सावध झालो. सुई थेट साडेसातवर गेली.

विमलबाई हरखल्या. "बघ, दूध कसं अंगी लागलं!" त्यांनी भागिरथीचा पेला दुसऱ्या पोराला दिला.

मला मात्र चैन पडेना. पोर हातपाय झाडते तेव्हा सुई थरथरते. ही सुई जागची हलत नव्हती. बाई लबाड आहे, मी मनात म्हटले. पण बाजारात लबाडी करतात ती फायद्यासाठी. हिने तर लेकीचे दूध घालवले! ते कोडे मला सुटेना.

पुढच्या पाळीला भागिरथीची मान कलंडली होती, तरी सुई साडेसातवरच. आता विमलबाईंनाही शंका आली. त्यांनी कुंची काढली. तिच्या काठात बारीक खडी शिवलेली होती. कुंचीविना पोर सहा किलोही भरली नाही.

बनुबाईने लेकीला झोळीतून ओढून उराशी धरले. "वजन कमी भरलं की नगरच्या दवाखान्यात नेत्यात म्हनं. शेजारच्या झोपडीतलं पोर नेलं, ते परत आलं न्हाई. माझी नेऊ नका, बाई."

"अगं, मला विचारायचं तरी!" विमलबाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज खाली आला. "आणि मी तरी तुला कुठं विचारलं? नाही नेत कुठं. दूध इथंच पाजू, तुझ्या मांडीवर."

त्या दिवसापासून बनुबाई मांडी घाली आणि विमलबाई चमच्याने दूध पाजत.

मला फार लाज वाटली. पंधरा दिवस पोरीचे दूध तुटले ते माझ्याच आकड्यावर. सगळ्यांवर संशय घेणाऱ्या मला एका आईची भीती ओळखता आली नाही.

आषाढात भागिरथी नुसत्या करदोट्यावर झोळीत बसली आणि तिने अशा लाथा झाडल्या की सुई वाचताच येईना. "थांब की गं जरा!" विमलबाई हसत म्हणाल्या. ती काही थांबली नाही. त्या न वाचलेल्या आकड्यावर मी पहिल्यांदा विश्वास ठेवला.

आता मी गोदामात गंजत पडलो आहे. मित्रांनो, मला तेलाचा थेंब द्या, माझी तबकडी पुसा. पण केवळ माझ्या भरवशावर राहू नका. पोर टांगण्याआधी त्याच्या आईशी दोन शब्द बोला. मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे.