धार गेलेल्या चाकूचा दिवस

मित्रांनो, जयदेवरावांच्या खिशात इतकी वर्षं काढलेला मी एक घडीचा स्टीलचा चाकू. अंबरनाथ पश्चिमेला ते आणि त्यांच्या पत्नी मीनलताई राहतात. कारखान्यातल्या नोकरीपासून निवृत्तीनंतरही मी त्यांच्या सोबत आहे. आंबे चिरले, पार्सलच्या दोऱ्या कापल्या, आणि प्रत्येक कामानंतर रुमालाने पुसून लख्ख झालो. गंज कधी चढला नाही, म्हणून मीही गर्वात होतो.

मुलगी राजसीने एकदा धार लावायचे दोन दगड आणून दिले. "बाबा, स्टीललाही धार लावावी लागते."

"स्टेनलेस आहे गं. त्याला काय होतंय?" म्हणत त्यांनी दगड कपाटात ठेवून दिले.

मग तो रविवार आला. दोघं स्कूटरवरून उल्हासनगरला, कॅम्प तीनच्या बाजारात चालले होते. मीनलताईंच्या ओढणीचं टोक मागच्या चाकात गेलं. हिसका बसला, स्कूटर थांबली. ओढणी गळ्याशी आवळली गेली आणि ताई मागे ओढल्या गेल्या. त्यांच्या तोंडून आवाज फुटेना.

"हलू नकोस, मीनल," म्हणत जयदेवरावांनी मला उघडलं आणि ताणलेल्या कापडावर चालवलं.

मी नुसता घसरलो. त्यांनी पुन्हा जोर लावला. मी कापडावरून सटकलो आणि माझं टोक त्यांच्याच बोटात घुसलं. साधी ओढणी मला कापता येत नव्हती. मित्रांनो, त्या क्षणी मी आतून गारठून गेलो. ताईंचे ओठ काळेनिळे पडत होते आणि मी उन्हात चमकत होतो.

शेजारच्या जीन्सच्या कारखान्यातून तिथे शिवणकाम करणाऱ्या बनूबाई कात्री घेऊन धावत आल्या. "बाजूला व्हा साहेब. ताई, घाबरू नका, कापते मी." कात्रीने कच्चकन ओढणी तोडली. ताईंनी मोठ्याने श्वास घेतला आणि त्या रस्त्यातच बसल्या.

जयदेवराव दुकानाच्या पायरीवर सुन्न बसून राहिले. रक्त पुसायचंही त्यांच्या ध्यानात नव्हतं.

घरी आल्यावर ताई घोगऱ्या आवाजात एवढंच म्हणाल्या, "त्या बाई आल्या नसत्या तर?"

जयदेवरावांनी कपाटातून दगड काढून पाण्यात भिजत घातले. आधी खरखरीत दगडावर मला थोडं तिरकं धरून घासलं. तिरपेपणा बदलला की माझ्या पात्यावर ओरखडा उठे. दुसऱ्या बाजूला बोटाला धातूची उलटलेली बारीक कणी लागेपर्यंत त्यांनी एक बाजू घासली, मग दुसरी. शेवटी गुळगुळीत दगडावर हलक्या हाताने फिरवून ती कणी घालवली. मला दुखलं म्हणाल, तर हो. पण ओढणीवरून घसरताना झालं होतं त्यापुढे ते काहीच नव्हतं.

मीनलताई उठून आल्या. वर्तमानपत्राचा कागद धरून त्यांनी मला अलगद ओढलं. कागद सरळ चिरला गेला. त्यांनी माझी घडी मिटली.

"आता हा माझ्या पर्समध्ये राहील," त्या म्हणाल्या.

जयदेवरावांनी मान हलवली.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखं काहीतरी असेल, ज्याच्यावर तुमची भिस्त आहे. निवांत वेळ असेल तेव्हाच, मोठ्यांना सोबत घेऊन, त्याच्याकडे नीट पाहा. गरजेच्या वेळी फार उशीर झालेला असतो. मीनलताई वाचल्या, पण माझ्यामुळे नाही.