खाकरल्याशिवाय शब्द नाही

झटका आला आणि शिंप्याच्या बायकोची वाचा गेली. गाणं मात्र गेलं नाही. देवाची करणी बघा, बोलणं डोक्याच्या एका खोलीत ठेवलं आणि सूर शेजारच्या खोलीत. एकीला कुलूप लागलं तरी दुसरीत दिवा राहतो. हे ओळखून एका वाचातज्ज्ञाने धडे केले होते. रोजची वाक्यं साध्या चालींवर बसवलेली: ‘पाणी घेऊन ये’, ‘खिडकी लाव’, ‘इथे दुखतंय’. त्याने म्हणायचं, मागून आपण म्हणायचं, डाव्या हाताने मांडीवर ठेका धरून. सगळं फुकट. कंठ तर असा, की जीव ओवाळून टाकावा.

ते धडे मोबाइलवर घालून दिले जावयाने. जावई परमुलखातला, हॉस्पिटलात रुग्णांची उठबस करायचा. “मामा, आमचे एक आजोबा यावरच बोलायला लागले,” म्हणाला.

आणि खरंच, एका सकाळी बाई ‘पाणी घेऊन ये’ म्हणाली. शिंपी कात्री टाकून धावला. एकच गंमत झाली होती. तज्ज्ञ प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरायचा, दोनदा आखूड, एकदा लांब. बाईला वाटलं, हाही धडाच. खाकरल्याशिवाय तिला शब्द फुटेना. “आल्या बाईसाहेब सभेला!” शिंपी म्हणायचा, आणि दोघं हसायची.

मग तो तज्ज्ञच सभेला उभा राहिला. बातम्यांत तोच कंठ, तेच खाकरणं. बाहेरून आलेल्यांनी गाव नासवलं, म्हणाला, उचला आणि वेशीबाहेर टाका. टाळ्या पडल्या. काही दिवसांत लेकीच्या दारावर कुणीतरी काळी फुली मारून गेलं.

लेक आली ती उंबऱ्यातच थांबली. आतून धडा ऐकू येत होता.

“बाबा, तो आवाज बंद करा.”

“अगं, चालीने काय केलंय? चाल काय कुणाच्या बापाची असते?”

“चाल नसेल. आवाज आहे. फुली मारणारे त्याच आवाजावर नाचतात.”

“तुझी आई मुकी होईल गं.”

“आणि तुमच्या जावयाने काय करायचं? इथे बसून त्याचं ऐकायचं?”

“तोच म्हणाला, राहू द्या, चालेल.”

“तो म्हणणारच. त्याला सगळीकडे ‘चालेल’ म्हणायची सवय लागलीय. मला नाही लागली.” ती उंबऱ्यातूनच वळली.

शिंप्याने धडे बंद केले. स्वतः म्हणून पाहिलं. त्याचा आवाज शिलाई मशीनसारखा, एका पट्टीत घरघरणारा. बाई त्याच्या तोंडाकडे बघायची, खाकरायची आणि पहिल्याच अक्षराशी अडायची. आलेले शब्द एकेक करून निघून चालले. एकदा ती कळवळत होती आणि कुठे दुखतंय हे सांगता येईना. तो डोक्यावर, पोटावर, पाठीवर हात ठेवत विचारत राहिला. ती नुसती रडत राहिली. त्या संध्याकाळी त्याने धडे पुन्हा लावले. दार बंद करून, आवाज बारीक करून, चोरून विडी ओढावी तसे.

लेक का येत नाही, हेही त्याने बाईला सांगून टाकलं. बाई कितीतरी वेळ मांडीवर ठेका धरून होती. शेवटी खाकरली आणि पाण्याच्या चालीवर म्हणाली, “जावई घेऊन ये.”

हे कुठल्याच धड्यात नव्हतं. झटक्यानंतरचं तिचं पहिलं स्वतःचं वाक्य. शिंप्याने लगेच लेकीला फोन लावला.

“बोला, बाबा.”

“आईला बोलायचंय.”

बाई खाकरली. दोनदा आखूड, एकदा लांब. मग म्हणाली, “जावई घेऊन ये.”

पलीकडे भांड्यांचा आवाज चालला होता, तो थांबला.

“बाबा, हे कोण बोललं?”

“अगं, तुझी आई!”

“मला आधी तो ऐकू आला.”

“पण मग आई आली ना ऐकू?”

“आली,” लेक म्हणाली. मग म्हणाली, “ठेवते.”

बाईने भुवया उंचावल्या. येणार ना?

खोटं बोलणं शिंप्याच्या जिभेवर आलं होतं, ते त्याने गिळलं. “तुझं खाकरणं तिला लागतं गं,” तो म्हणाला. “त्या माणसाचं वाटतं.”

बाईने गळ्यावर हात ठेवला. वर येऊ पाहणारं खाकरणं तिने आवंढ्यासारखं मागे लोटलं, आणि नुसताच ठेका धरला. ओठ हलले. शब्द नाही. पुन्हा ठेका, पुन्हा आवंढा. कपाळावर घाम आला. शिंपी फोन हातात धरून, नंबर न दाबता, तिच्या समोर बसून राहिला. बऱ्याच वेळाने ‘जा’ आलं. साधं, कोरडं, फक्त तिचं. पुढचं अक्षर अजून यायचं होतं.